जेल चालू आहे तोवर: पुण्यात पीएचडीला नव्याने आलेल्यांसाठी

पीएचडीत मोकळा वेळ नसतो असं सगळे सांगतात. असतो, पण चिंध्यांसारखा असतो. एक टक्का अ‍ॅगारोजचं जेल (विजेने डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करायची जेलीची लादी) १०० व्होल्टवर लावलं की चाळीसेक मिनिटं मिळतात. पीसीआरचे (डीएनएच्या प्रती काढण्याचे) ३०-३५ सायकल संपायला दीड ते दोन तास. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १२१ अंशांवर १५ मिनिटंच धरायची असली तरी तापणं-निवणं मिळून तास सहज जातो. संगणकावर सिम्युलेशन लावलं तर अख्खी रात्र. इतिहास किंवा भाषाशास्त्रवाल्यांना ग्रंथालयात चिठ्ठी देऊन जुना अंक कपाटातून बाहेर येईपर्यंत वाट बघावी लागते. गाईडकडे ड्राफ्ट पाठवला की किती वेळ मिळतो, त्याचं कोष्टक अजून कुणाला मांडता आलेलं नाही.

या चिंध्या बहुधा फोनमध्ये जातात. अडचण एवढीच की फोनला शेवट नसतो. चहा पिऊन संपतो, टेकडी चढली की उतरावीच लागते, एकांकिकेवर पडदा पडतो. रीलवर पडदा पडत नाही, त्यामुळे चाळीस मिनिटांचं जेल तासाभराने आठवतं आणि तोवर नमुना जेलच्या टोकाबाहेर वाहून बफरमध्ये गेलेला असतो. म्हणून विरंगुळा निवडताना एकच बघा: ही गोष्ट आपली आपण संपते का? खालच्या सगळ्या गोष्टी या चाळणीतून काढलेल्या आहेत.

आधी तुकडे मोजा

एक आठवडा खिशात कागद ठेवा. कशाची वाट बघत होतो, किती मिनिटं मिळतील असं वाटलं आणि खरी किती मिळाली, एवढंच लिहायचं. लॅबच्या नोंदवहीत लिहू नका, ती संस्थेची असते. आठवड्याने दिसेल की तुकडे साधारण तीन मापांचे आहेत: दहा मिनिटांचे, चाळीस मिनिटांचे आणि आठवड्यातून एक-दोन मोकळ्या संध्याकाळी. प्रत्येक मापाला एकेक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी ‘आता काय करू’ म्हणत बसलात तर हात फोनकडेच जातो.

गजर काम संपण्याच्या पाच मिनिटं आधीचा लावा. आणि कुठून उठून जायचं नाही, तेही आधी पक्कं करा. सेंट्रीफ्यूज पूर्ण वेगाला पोचेपर्यंत शेजारीच उभं राहायचं, कारण तोल बिघडला असेल तर त्याच वेळी कळतं. रोटाव्हॅप (द्रावक उडवायचं यंत्र), तेलाचं तापवणं, दाबाखालचं काहीही सोडून हलायचं नाही.

दहा मिनिटं: चहा

कँटीनचा चहा मिळतोच, पण तिथे गेलं की दहाची चाळीस होतात. खोलीवर चहा करायला शिकून घ्या. होस्टेलवर इंडक्शनला बहुधा बंदी असते आणि किटली चालते. तरी वॉर्डनना विचारून घ्या.

किटली घेताना वॉट बघा. १५०० वॉटची किटली साधारण साडेसहा अँपिअर ओढते. खोलीतलं छोट्या पिनांचं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यात कन्व्हर्टर खुपसून रोज किटली लावली की प्लग तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस मजल्याचा एमसीबी (जादा भार झाला की वीज तोडणारा खटका) पडतो, नेमका शेजाऱ्याचा ड्राफ्ट सेव्ह व्हायचा असताना. मोठ्या पिनांचं सॉकेट नसेल तर हजार वॉटच्या आतली, अर्धा-पाऊण लिटरची लहान किटली घ्या.

किटलीत दूध उकळू नका. दूध तळाला धरतं, करपतं, आणि तो वास महिनाभर जात नाही. शिवाय किटली बंद होते ती वाफेवर. दुधाचा फेस वाफेच्या आधी वर येतो, त्यामुळे खटका पडायच्या आत दूध टेबलावर असतं.

मग करायचं असं. मोठा मग आणि त्याला झाकण म्हणून बशी. एका मगाला दोनशे मिली उकळतं पाणी. गवती चहाची दोन-तीन पाती कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापून आधी मगात टाका, वर पाणी ओता, बशी झाका, तीन मिनिटं. मग सपाट चमचाभर चहापूड, पुन्हा तीन मिनिटं. पात्यांना वेळ लागतो आणि पूड जास्त वेळ राहिली तर चहा तुरट होतो, म्हणून हा क्रम. गाळा, साखर घाला. दूध हवंच असेल तर दोन चमचे दूध पावडर वाटीत थोड्या कोमट पाण्यात कालवून मग चहात घाला. पावडर थेट उकळत्या चहात पडली की गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळलं तरी मोडत नाहीत.

घरी गॅसवर आल्याचा चहा करताना तो फाटतो, तेव्हा दोष दुधाला दिला जातो. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने दूध फाटतं. आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की विकर निकामी होतं. दूध त्यानंतर घालायचं.

हे सगळं खोलीवर. लॅबमध्ये नाही. ज्या मायक्रोवेव्हमध्ये अ‍ॅगारोज वितळवतात त्यात पोहे गरम करणारा प्रत्येक बॅचला एक तरी निघतो. बर्फाच्या यंत्रातला बर्फ सरबताला नाही, आणि लॅबचा फ्रिज दुधासाठी नाही. जेल रंगवायला इथिडियम ब्रोमाइड (डीएनएत शिरणारा घातक रंग) वापरत असाल तर कारण वेगळं सांगायला नको.

चाळीस मिनिटं: आवारातले पक्षी

पुण्यातल्या संशोधन संस्थांची एक चैन म्हणजे झाडं. विद्यापीठाचं आवार, पाषाण रस्त्यावरची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), तिला लागून असलेली आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, येरवड्याकडचं डेक्कन कॉलेज. सगळीकडे जुनी झाडं उभी आहेत. पक्षी बघायला यापलीकडे फार काही लागत नाही.

पहिले सहा महिने दुर्बीण घेऊ नका. डोळ्यांनी दिसणारे आणि कानांनी ओळखू येणारे पंधरा पक्षी आधी पक्के करा: बुलबुल, दयाळ, तांबट, शिंपी, सूर्यपक्षी, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, घार, साळुंकी, सातभाई, धनेश, कोकीळ, भारद्वाज, पिंगळा. आवाजाने सुरुवात केली तर लवकर जमतं. फेब्रुवारीपासून उन्हं तापायला लागली की तांबट तासन्‌तास एका ठेक्यात ‘टुक-टुक-टुक’ करतो, लांबून कुणी भांडं ठोकत असल्यासारखं. नावही त्यावरूनच पडलंय. दयाळ उन्हाळ्यात पहाटे शेंड्यावर बसून गातो. सातभाई दिसण्याआधी ऐकू येतात, आणि त्यांचं भांडण लॅब मीटिंगसारखं असतं: सगळे एकदम बोलतात, ऐकत कुणी नाही.

नवखे सगळ्या आवारात भटकतात आणि काहीच दिसत नाही म्हणून कंटाळतात. भटकू नका. एक झाड निवडा आणि त्याच्यापासून पंधरा-वीस पावलांवर वीस मिनिटं उभे राहा. जानेवारी ते मार्च काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. तेव्हा फुललेल्या सावरीखाली नुसतं उभं राहिलं तरी सूर्यपक्षी, बुलबुल, साळुंक्या, चष्मेवाले असे पाहुणे पाळीपाळीने येऊन जातात. इतर वेळी वड, पिंपळ, उंबर फळाला आलाय का बघा. फळलेल्या वडावर तांबट, राखी धनेश आणि नशीब असेल तर हरियल दिसतो. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण पानांत असा मिसळतो की वीस हरियल बसलेले असले तरी पहिला दिसायला पाच मिनिटं जातात. फळं टपटप पडत असतील आणि वर कुणी दिसत नसेल तर बहुधा तोच असतो.

वेळ सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतरची. दुपारी बारा ते तीन पक्षी सावलीत गप्प असतात. दुपारचं जेल असेल तर हा कार्यक्रम ठेवू नका, तेव्हा पुदिन्याकडे बघा; त्याचं पुढे येतंच आहे.

सहा महिन्यांनी गोडी टिकली असेल तर दुर्बीण ८×४२ ची घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसेल, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची जास्त चांगली असेल असं वाटतं, पण हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा भाग लहान होतो. हलत्या पक्ष्यावर ती नवख्याला लागतच नाही. आणली की आधी डोळ्यांना जुळवून घ्या: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या नळीवरच्या कड्याने तीच पाटी स्पष्ट करा. कड्याची खूण लक्षात ठेवा, पुढे मधलं चाकच फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दुमडा, नाहीतर काळं वर्तुळ दिसतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत, की फांदीही हरवते आणि पक्षीही. सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवू नका, आणि होस्टेलच्या खिडक्यांकडेही.

खिडकीतला पुदिना

मंडईतून किंवा भाजीवाल्याकडून पुदिन्याची जुडी आणा. जाड, ताठ देठाच्या सहा-सात काड्या निवडा, प्रत्येकी वीतभर. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा आणि पेराच्या लगेच खाली तिरकी काप द्या. मुळं पेरातूनच फुटतात. काचेच्या ग्लासात दोन पेरं बुडतील एवढं पाणी. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठ ते बारा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. सहापैकी दोन-तीन सडतील, म्हणूनच सहा लावायच्या. सडलेली काडी लगेच काढा, तिचं पाणी बाकीच्यांना बिघडवतं.

मुळं दोन बोटं लांब झाली की आठ इंची कुंडीत तीन-चार काड्या लावा. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. कुंडीला खाली भोक हवंच. आइस्क्रीमचा डबा वापरत असाल तर तापवलेल्या खिळ्याने पाच भोकं पाडा. पाणी रोज घालायचं नाही. बोट पेरभर मातीत घालून कोरडं लागलं तरच घालायचं. होस्टेलमधली बहुतेक झाडं मरतात ती मायेने. काम अडलं की पाणी घालायची सवय लागते, आणि पहिल्या वर्षी काम रोज अडतं.

खोलीला पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम. उत्तरेची असेल तर पुदिना लांबुडका, फिकट होतो. मग मनी प्लांटवर समाधान माना.

दिवाळीला पंधरा दिवस घरी जाताना पाण्याची सोय अशी करा. कंदिलाची सुती वात घ्या, नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. वात आधी पूर्ण भिजवा. एक टोक मुळांजवळ मातीत दोन-तीन इंच पुरा, दुसरं पाण्याच्या बाटलीच्या तळापर्यंत सोडा. बाटली कुंडीशेजारी त्याच पातळीवर ठेवा. बाटली कुंडीपेक्षा वर ठेवली तर सायफन होऊन एका रात्रीत सगळं पाणी कुंडीत येतं. फार खाली ठेवली तर वातीला चढवत नाही. जायच्या तीन दिवस आधी लावून बाटलीवर पेनने रेघ मारा आणि रोज किती मिली जातं ते बघा. एकदा मोजल्यावर पंधरा दिवसांना किती बाटल्या आणि किती वाती, हे त्रैराशिक आहे.

मटकीला मोड

रात्रभर चालणाऱ्या कामाला रात्रभर चालणारा विरंगुळा. अर्धी वाटी मटकी निवडून धुवा, तिप्पट पाण्यात आठ तास भिजवा. पाणी पूर्ण काढा, अगदी पूर्ण. ओल्या सुती रुमालात सैल बांधून डब्यात ठेवा, झाकण अर्धवट. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात चोवीस लागतात. थंडी जास्त असेल तर डबा जाड टॉवेलात गुंडाळा. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश मिळतात हे सगळ्यांना सुचतं. तिथे नेऊ नका, शेजारच्या फ्लास्कमध्ये काय वाढतंय ते आठवा.

आंबूस वास आणि चिकटपणा आला तर पाणी राहिलं होतं, टाकून द्या. काही दाणे दगडासारखेच राहिले तर ते गणंग, मटकी जुनी आहे. गणंग खाण्याआधी वेचून काढा, दाताचा डॉक्टर फेलोशिपमध्ये बसत नाही.

मोड कच्चे खाऊ नका. जे ऊबदार, ओलं वातावरण मोडांना लागतं तेच जिवाणूंनाही आवडतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मोड घेऊन वर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं ठेवा, पाणी काढून पुन्हा एकदा तसंच करा. मीठ नंतर.

यांची भेळ दोघांना पुरते: तीन मग कुरमुरे, मूठभर फरसाण, अर्धा मग मोड, एक कांदा, मूठभर भाजलेले दाणे, तिखट, मीठ, वरून आपलाच पुदिना. कोरडं सगळं आधी कालवा. टोमॅटो आणि लिंबू अगदी शेवटी, लोक चमचे घेऊन बसल्यावर. आधी घातलं तर कुरमुरे पाच मिनिटांत चामट होतात. सांगली-कोल्हापूरकडचा कुणी मजल्यावर असेल तर त्याच्याकडे भडंग असतं. त्याच्याशी मैत्री ठेवा.

मोकळी संध्याकाळ: वेताळ टेकडी

पाषाण, गोखलेनगर, कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता या सगळ्यांच्या मधोमध ही टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट, पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. एनसीएल-आयसरवाल्यांना पंचवटीकडून जवळ, विद्यापीठवाल्यांना गोखलेनगरकडून, डेक्कन भागातल्यांना एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने. पंचवटीकडून चढायला सवय नसलेल्याला पाऊण तास धरा, वरच्या वेताळाच्या देवळापर्यंत. पलीकडे जुनी दगडाची खाण आहे, पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी असतं आणि संध्याकाळी पक्षी येतात. मोर तर ओरडून स्वतःची वर्दी देतात.

सोबत अर्धा लिटर पाणी, टोपी, आणि तळाला नक्षी असलेले बूट. चप्पल घालून गेलात तर उतरताना मुरुमावरून घसराल. लोक पडतात ते उतरताना, चढताना फारसं कुणी पडत नाही. सूर्यास्त वर बघायचा मोह आवरा. अंधार पडायच्या आत खालच्या रस्त्याला लागा आणि एकटे जाऊ नका. पुण्यातल्या टेकड्यांवर संध्याकाळनंतर लुटालुटीचे प्रकार घडलेले आहेत. एप्रिल-मे मध्ये गवत वाळून काडीसारखं झालेलं असतं, तिथे काडी पेटवायची नाही.

मेअखेरीस ढग जमायला लागले की पहाटे एकदा तरी जा. नवरंग पक्षी त्या सुमारास येतो. जमिनीवर पाचोळा उलटा करत फिरतो, त्यामुळे हिरवा, निळा, पिवळा, लाल असे सगळे रंग अंगावर घेऊनही दिसत नाही. आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. झाडोऱ्याच्या कडेला खाली बसा आणि अजिबात हलू नका.

पाऊस असेल तर

टेकडी निसरडी असते तेव्हा पेठांत जा. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या असतात: एका संध्याकाळी महाविद्यालयांच्या दोन-तीन एकांकिका, तिकीट परवडणारं, आरडाओरडा भरपूर. वर्षभर छोटे प्रयोग बघायचे तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच. दोन्हीकडे प्रयोग संपल्यावर बसची वेळ आधी बघून ठेवा. विद्यापीठ किंवा पाषाणला रात्री रिक्षाने परतायचं तर तिकिटापेक्षा भाडंच जास्त होतं. तिघे मिळून गेलात तर सुटतं.

शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात. सगळे दिवस जमणार नाहीत, जमवूही नका. एकाच दिवसाचं भारतीय बैठकीचं तिकीट काढा. सतरंजी, शाल आणि पाठीला टेकायला लहान उशी न्या. मुकुंदनगरच्या मोकळ्या मैदानात आठनंतर चांगलीच थंडी वाजते आणि पुण्यात नवीन आलेले हाफ शर्टात येऊन बसतात.

पैशांचं थोडक्यात. २०२३ पासून जेआरएफ (संशोधनाच्या सुरुवातीची फेलोशिप) महिन्याला ३७,००० रुपये आहे, पण ती दर महिन्याला हातात पडेलच असं नाही. चार-पाच महिन्यांची एकदम येणं नवं नाही. म्हणून विरंगुळ्याचे पैसे महिन्यावर बांधू नका. फेलोशिप आली की पाचशे रुपये दर महिन्यामागे बाजूला काढून डब्यात टाका, म्हणजे कोरड्या महिन्यांतही नाटकाचं तिकीट निघतं. दुर्बीण मात्र थकबाकी आल्यावरच.

सबमिशनच्या शेवटच्या दोन महिन्यांत यातलं बरंच बंद पडतं. चहा आणि दहा मिनिटं राहतात. टेकडी आठवड्यातून एकदा तरी ठेवा, पाठीसाठी. मटकी बंद करा, विसरली जाते आणि मजल्यावर वास सुटतो. पुदिन्याची कुंडी त्या वर्षी नव्याने आलेल्या कुणाला तरी देऊन टाका, वात आणि रेघा मारलेली बाटली यांच्यासकट.